मळाईच्या जात्याचा खुंटा

वेळ दुपारी साडेतीनची. ठिकाण करंजओढे, मळाईच्या देवळाची मागची बाजू. चैत्रातल्या यात्रेचा दुसरा दिवस. पालखी ओढ्यापलीकडे गेलेली, ती दिवेलागणीला परतणार. देवळासमोर यात्रा समितीचा मंडप. त्यात ध्वनिवर्धक, निवेदक आणि बऱ्याचशा रिकाम्या खुर्च्या. देवळामागे करंजाच्या झाडाखाली साठ-सत्तर माणसे मातीवर गोल बसलेली. मधोमध जमिनीत रुतलेला जात्याचा खालचा दगड. वरचा दगड नाही.

हे सगळे आधीच नोंदवून ठेवतो, कारण समितीने वाटलेल्या रंगीत पत्रकात यातले काही नाही. पत्रकात 'लोकसंगीत महोत्सव' आहे, मान्यवरांचे फोटो आहेत, आणि शेवटच्या पानावर तळाशी एक वाक्य आहे: 'येथील खुंट्याचा फेर ही मानाचे गायक हैबती यांनी सुरू केलेली थोर परंपरा होय.' हे वाक्य खोटे आहे. फेर हैबतीने सुरू केला नाही. तो ज्या बाईमुळे सुरू झाला तिचे नाव पत्रकात कुठेही नाही. गावातल्या कोणालाही विचारले असते तरी ते कळले असते. पण पत्रक तालुक्याच्या गावी छापले गेले आणि विचारायला कोणी आले नाही.

फेरात मी त्या दुपारी पाहिलेली माणसे अशी: मेंढ्या ओढ्यात सोडून आलेले चार धनगर, एक गोंधळी, बांगड्यांची टोपली पाठीशी ठेवून बसलेली कासारीण, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, भजनी मंडळातले सहा-सात जण, आणि लेकरे मांडीवर घेतलेल्या बायका. एकाच्या मांडीवर हातभर लांबीचा लाकडी खुंटा होता. जाते फिरवायला वरच्या दगडात ठोकतात तसला, तेल पिऊन काळा झालेला, वरच्या टोकाला जुन्या कापडाची चिंधी बांधलेला. ज्याच्या मांडीवर खुंटा, त्याने गायचे. एक ओळ म्हणायची आणि थांबायचे. मग सगळा फेर ती ओळ उचलतो. गाणे संपले की खुंटा शेजाऱ्याकडे. वाहवा करायची नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि आपल्याकडे आलेला खुंटा गाण्याशिवाय पुढे सरकवायचा नाही.

शहरातून आलेली, गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक मुलगी फेराच्या कडेला बसली होती. तिने शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारले, "आजोबा, कार्यक्रम किती वाजता सुरू होणार?"

"कारेक्रम तिकडं मांडवात," म्हातारे म्हणाले. "हितं नुसतं गाणं हाय."

"मग इथले मुख्य गायक कोण?"

"ज्याच्या मांडीवर खुंटा, त्यो."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बी त्येच. जरा दम खा बाळ, तुमच्यापत्तूर यीलच की."

मुलीने घाईघाईने खुंटा कुठवर आला आहे ते पाहिले आणि उठायला लागली. म्हाताऱ्यांनी तिच्या कॅमेऱ्याचा पट्टा हळूच धरला. "बसा. उठलात तर तुमच्या वाट्याचं गाणं मला म्हणावं लागंल, आन् माझं आधीच वाईट हाय."

हे म्हातारे म्हणजे ज्ञानूअण्णा गुरव. वय ऐंशीच्या पुढे. मळाईची पूजा त्यांच्या घराकडे आहे आणि खुंटाही वर्षभर त्यांच्याच देव्हाऱ्यात असतो. खुंटा त्या मुलीपर्यंत येईतो अण्णांनी तिला फेराची हकीगत सांगितली. ती अशी.

फार मागे, म्हणजे अण्णांच्या आजोबांच्या आजोबांनाही ऐकूनच माहीत होते इतके मागे, मळाईच्या यात्रेत गाण्याचा मान एकाच घराण्याचा होता. त्या घराण्यातला हैबती तेव्हा मानकरी होता. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर त्याने गायचे, गावाने ऐकायचे, आणि पाटलाने त्याच्या खांद्यावर शेला घालायचा. हैबती फार चांगला गात असे. यात त्याच्यावर अन्याय करण्याचे कारण नाही. असे सांगतात की त्याचा आवाज ओढ्यापलीकडच्या टेकडीवर चरणाऱ्या मेंढ्यांपर्यंत जाई आणि मेंढ्या मान वर करून उभ्या राहत.

त्याच दिवशी देवळामागे करंजाखाली देवीचे दळण होई. नव्या गव्हाचे पीठ, तेही याच जात्यावर दळलेले. त्या पिठाचा नैवेद्य आणि त्याच पिठाचे दिवे. पालखी परतण्याआधी दिवे लागलेच पाहिजेत, नाहीतर पालखी देवळात येत नाही, ओढ्यापलीकडेच थांबते, आणि पालखी बाहेर राहिली तर गावाचे वर्ष बाहेर राहिले, अशी समजूत होती. दळणाची पाळी दर वर्षी एका घराची. त्या वर्षी ज्या घराची पाळी होती, त्या घरात साळू नावाची सून नव्याने आली होती.

साळू नीरेकाठची. दिसायला कशी होती ते कोणी सांगत नाही. गात कशी होती ते सगळे सांगतात. ती आणि तिची थोरली जाऊ जात्याला समोरासमोर बसल्या, दोघींनी खुंट्याला हात घातला, आणि साळूने सवयीने तोंड उघडले:

दळण दळीते, दाणा दाण्याशी बोलतो
मळाईच्या पुढं बाई, दिवा पिठाचा डोलतो

आधी पाणवठ्यावरच्या बायका आल्या. मग रेवड्यांवर फडके टाकून रेवडीवाला आला. देवळासमोरची गर्दी विरळ होत गेली तरी हैबती डोळे मिटून गात होता, त्याला कळले नाही. त्याला कळले ते मागचे तुणतुणे थांबले तेव्हा. वळून पाहतो तर तुणतुणेवाला मान तिरकी करून देवळामागे कान लावून उभा.

"काय झालं रं?"

"काय न्हाई," तुणतुणेवाला म्हणाला. "तिकडं बी जरा बरं चाललंय."

हैबती तडक पाटलाकडे गेला. येसाजी पाटील तेव्हा लिंबाच्या पारावर पंचांबरोबर बसला होता. हैबती म्हणाला, "पाटील, देवीच्या म्होरं मान कुणाचा? माझा का जात्याचा?"

पंचांनी फार विचार केला नाही. मान हैबतीचा, त्यात वाद कसला? त्यांनी ठरवले की पालखी परतेपर्यंत देवळाच्या आवारात मानकऱ्यावाचून दुसऱ्या कोणी गायचे नाही. दळण करू नको, असे कोणी म्हणाले नाही. दळण कर, फक्त गप्प बसून कर. त्यांना वाटले, गाणे म्हणजे दळणावर वाहिलेले फूल. उचलून बाजूला ठेवले तरी दळण होतेच. जात्याला कधी हात न लावलेल्या पुरुषांनाच असे वाटू शकते, पण पंचांत दुसरे कोणी नव्हते.

निरोप घेऊन पाटील स्वतः आला. साळूने ऐकून घेतले, पदर सावरला, आणि "बरं" म्हणाली.

ती गप्प झाली आणि जाते थांबले.

दोघी जावांनी जोर लावला. जाते हलेना. जाऊ म्हणाली, "साळू, तू वढंनास." साळूने तळहात दाखवले, खुंट्याच्या ओढीने ते लाल झाले होते. सासूने गहू काढून पुन्हा घातले. खालचा-वरचा दगड झाडून पाहिला. शेजारपाजारच्या बायका बसून गेल्या. काही केल्या वरचा दगड फिरेना. यात्रेतल्या कुस्त्यांसाठी पैलवान आले होते, त्यांतला एक मांड ठोकून बसला. त्याने असा हिसका दिला, म्हणे, की दगड होता तिथेच राहिला आणि खुंटा मात्र उपसून त्याच्या हातात आला. पैलवान खुंटा घेऊन मागच्या मागे तिथे बसलेल्या एका कासारणीच्या बांगड्यांवर पडला.

शिकलेले लोक म्हणतात, जात्याच्या खिळ्यापाशी खडा अडकला असेल. अण्णा त्यांच्याशी वाद घालत नाहीत. "आसंल," म्हणतात. "आसंल खडा. पर मग त्यो काढला कुणी?"

इकडे ऊन कलायला लागले. पीठ परातीच्या तळालाही पुरले नव्हते. ओढ्यापलीकडे पालखीचा ढोल वाजत होता. पाटलाला घाम फुटला. तो साळूला म्हणाला, "पोरी, म्हण बाई काय म्हणायचं त्ये. पंचांचं मी बघतो."

साळू म्हणाली, "मी एकटी म्हणायची न्हाई. एकटीचं काढून घ्यायला तुमास्नी लई सोपं जातं. ज्यांनी ज्यांनी माझं तोंड बंद केलं, त्यांनी हितं बसायचं, ह्यो खुंटा घालायचा आन् एकेक गाणं म्हणायचं. मग माझी पाळी यील तवा मी म्हणीन."

पंच एकमेकांकडे बघायला लागले. त्यांतल्या एकालाही गाता येत नव्हते, म्हणून तर ते पंच होते, असे अण्णा सांगतात आणि फेरातले लोक दर वर्षी तिथे हसतात.

पहिल्यांदा पाटील बसला. त्याने पैलवानाकडून खुंटा घेतला, दगडाच्या भोकात घातला, आणि बराच वेळ नुसता खाकरला. त्याला एकही गाणे आठवेना. शेवटी बैलांना पाणी पाजताना घालतात ती लांब शीळ त्याने घातली. घातली आणि थांबला, कारण पुढे त्याला काही येत नव्हते. त्या थांबलेल्या जागेत चार शेतकऱ्यांनी न राहवून तीच शीळ घातली. यात्रेत बांधलेले बैल हौदाकडे ओढ घ्यायला लागले. आणि दगड हलला. फार नाही, पण मूठभर पीठ काठावरून सांडले.

मग कोणी थांबेना. एका पंचाने आईची अंगाई म्हटली. अर्ध्यावर विसरला, उरलेली बायकांनी म्हटली. दुसऱ्याने मोटेवर म्हणायचे गाणे म्हटले. पैलवानाने तालमीतली जोर-बैठकांची मोजणीच सुरात म्हटली, आणि बाकीचे पैलवान मागून ओरडले. प्रत्येकाने आपले झाल्यावर खुंटा उपसला आणि पुढच्याच्या हातात दिला. प्रत्येकाच्या गाण्याला जाते थोडेथोडे फिरले. बेसूर माणसांच्या गाण्यालाही फिरले.

होता होता खुंटा हैबतीकडे आला. तो गर्दीच्या मागे उभा होता. लोकांनी वाट करून दिली. तो बसला, त्याने खुंटा घातला आणि गायला लागला. असे गाणे त्या गावाने पूर्वी ऐकले नव्हते, असे सांगतात. कुठे श्वास घेतला ते कळले नाही. माणसे स्तब्ध झाली. जातेही स्तब्ध. केसभरसुद्धा हलले नाही.

हैबतीने दुसरे गाणे सुरू केले. ते पहिल्यापेक्षाही सरस. दगड ढिम्म.

पाटील जवळच उभा होता, तो म्हणाला, "हैबती, शीळ घालून बघ की."

लोक हसले. हैबती हसला नाही.  तो साळूला म्हणाला, "बाई, माझ्या गाण्यात काय कमी हाय?"

"कमी काय बी न्हाई दादा," साळू म्हणाली. "जागाच न्हाई. दुसऱ्यानं शिरायचं कुठनं?"

 ओढ्यापलीकडचा ढोल जवळ आला होता. मग त्याने साळूचीच ओवी घेतली. 'दळण दळीते, दाणा दाण्याशी बोलतो,' एवढे म्हटले आणि थांबला. जन्मात तो कधी दोन ओळींच्या मध्ये थांबला नव्हता. गाव पाहत होते. पुढची ओळ त्याला येत होती, ती त्याच्या ओठांवर आलेली लोकांना दिसत होती, पण त्याने ती म्हटली नाही. ज्या बाईचे तोंड त्याने बंद केले होते, तिच्यासाठी ती ओळ तो मोकळी ठेवून बसला.

साळू समोर येऊन बसली. तिने खुंट्याला हात घातला आणि म्हणाली, 'मळाईच्या पुढं बाई, दिवा पिठाचा डोलतो.'

जाते फिरले. म्हणे असे फिरले की पीठ भरायला बायकांच्या पराती पुरेनात, पुरुषांनी उपरणी पसरली. पालखी ओढ्यात उतरली तेव्हा दिवे लागलेले होते.

पाटलाने रिवाजाप्रमाणे शेला आणला. हैबतीने तो खांद्यावर घेतला नाही. फाडून त्याची पट्टी खुंट्याला बांधली. मान खुंट्याचा, ज्याच्या हातात खुंटा त्याचा, आणि तोही एका गाण्यापुरता. पुढे मरेपर्यंत हैबती दर यात्रेला साळूच्या समोर बसून तिच्या ओळी उचलत असे. हैबतीचा मोठेपणा सांगायचा तर तो हा आहे. पत्रक छापणाऱ्यांना त्याचा मोठेपणा सांगायचा होता आणि नेमका हाच तेवढा त्यांनी सोडला.

हकीगत संपली तेव्हा खुंटा कासारणीकडे होता. तिने बांगड्या विकताना द्यायची हाळी सुरात म्हटली, बायकांनी मनगटे वाजवत ती उचलली, आणि खुंटा त्या शहरातल्या मुलीच्या मांडीवर आला.

"मला खरंच काही येत नाही हो," मुलगी म्हणाली.

"पाटलाला तरी काय येत हुतं?" अण्णा म्हणाले.

मुलीने खुंटा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, आणि प्राथमिक शाळेत सगळा वर्ग डुलत डुलत म्हणतो त्या चालीत बेचा पाढा सुरू केला. "बे एके बे," म्हणाली आणि थांबली.  मग निवृत्त ड्रायव्हरने खणखणीत आवाजात "बे दुणे चार" म्हटले आणि सगळा फेर पाढ्यात शिरला. धनगरांच्या म्हाताऱ्यांना शाळा माहीत नव्हती. ते नुसत्या चालीवर 'हां' भरत राहिले. पाढा संपला तेव्हा मुलगी हसत होती आणि डोळेही पुसत होती. मंडपातला निवेदक ध्वनिवर्धकावरून रसिकांना आसनस्थ होण्याची विनंती करत होता. रसिक आसनस्थच होते, फक्त देवळामागे.

आता वरच्या दगडाविषयी.

देवळासमोर समितीने मंडपासाठी पक्का ओटा बांधला, त्या वर्षापर्यंत जाते पूर्ण होते. यात्रेला त्यावर दळण होत असे. गाणारा खुंटा दगडात घालत असे, साळूच्या वेळेसारखाच. ओट्याचे काम पावसाळ्यानंतर झाले. पुढच्या चैत्रात लोक फेराला आले तेव्हा खालचा दगड होता, वरचा नव्हता. तेव्हापासून देवीचे पीठ गिरणीतून येते आणि खुंटा नुसता मांडीवर ठेवतात, कारण तो घालायला भोक राहिलेले नाही. मी चौकशी केली. ठेकेदार म्हणाला, आपण वाळू-सिमेंट आणले, दगडाचे आपल्याला ठाऊक नाही. समितीचे सचिव म्हणाले, दगड जुना होता, कुठेतरी नीट ठेवला असेल. कुठे, ते त्यांना आठवत नाही. ओट्याच्या पायात जुने दगड भरले होते का, या प्रश्नावर ते म्हणाले, यात्रेच्या शुभदिवशी असे विषय नकोत.

समितीचे अध्यक्ष दिनकर जगदाळे त्या दुपारी फेराकडे आले. मंडपातल्या खुर्च्या भरेनात म्हणून लोकांना बोलवायला आले होते. गाव त्यांना दिनूदादा म्हणते. माणूस वाईट नाही, यात्रेसाठी राबतो. त्यांना उभे पाहून धनगरांच्या पारूबाई कोळेकर म्हणाल्या, "दिनूदादा, हुबं ऱ्हाऊन आमचं गाणं मोजताय व्हय? बसा की." फेरात उभे राहत नाहीत. दिनूदादा बसले.

खुंटा तेव्हा पारूबाईंकडेच होता. त्यांनी ओवी घातली:

खालचा दगड बाई, उन्हापावसात ऱ्हायला
वरचा कुणी गं नेला, कुणाच्या डोळ्यांनी पाह्यला

पहिल्या ओळीनंतर त्या थांबल्या, फेराने ओळ उचलली. दुसऱ्या ओळीनंतर थांबल्या, तीही फेराने उचलली. साठ-सत्तर माणसांनी तो प्रश्न मोठ्याने, सुरात विचारला. कोणाच्या आवाजात राग नव्हता. मग पारूबाईंनी खुंटा चिंधीने पुसला आणि शेजारी बसलेल्या दिनूदादांच्या मांडीवर ठेवला.

फेरात बोलून उत्तर देता येत नाही, गाऊनच द्यावे लागते. दिनूदादांनी खुंटा उभा धरला. मग डोळे मिटून त्यांनी वडिलांकडून शिकलेला एक अभंग म्हटला. ओळीओळीला थांबले, लोकांना जागा दिली. आवाज चांगला आहे त्यांचा. फेर मनापासून त्यांच्यामागे गायला, पारूबाई सगळ्यांत मोठ्याने. अभंगात दगड नव्हता. अभंग संपला, दिनूदादांनी खुंटा पुढे दिला आणि मंडपाकडे परत गेले नाहीत. पालखी येईपर्यंत तिथेच बसून राहिले आणि प्रत्येकाची ओळ उचलत राहिले.

आजही चैत्री यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, करंजाखाली फेर बसतो. खुंटा मांडीवरून मांडीवर जातो, चिंधी दर वर्षी थोडी झिजते, आणि पारूबाईंची ती ओवी आता फेराची सुरुवातीची ओवी झाली आहे. वरचा दगड एकट्या माणसाला उचलत नाही. तो हलवायला दोघे लागतात. म्हणजे तो कुठे गेला हे निदान दोघांना माहीत आहे. ते दोघे कोण, आणि फेरात बसून तेही ती ओवी उचलतात की काय, हे करंजओढ्यात अजून कोणी सांगितलेले नाही.